चार ओळी, एक आडनाव: फिलिपिन्समध्ये घराण्यातला उमेदवार कसा पारखावा

मला इथे मतदानाचा हक्क नाही. मनिलाला लागून असलेल्या पासिग शहरात सतरा वर्षं संसार केला, तरी पासपोर्ट भारतीयच आहे. पण मे 2025 च्या निवडणुकीआधी आमच्या जेवणाच्या टेबलावर जो वाद पेटला, त्यात मलाच पडावं लागलं. सासूबाई (आम्ही सगळे त्यांना नानाय म्हणतो) डोळे दाखवायला विसायस या बेटांवरच्या गावाहून आल्या होत्या. त्यांच्या पर्समध्ये गावात वाटलेली नमुना मतपत्रिका होती. गव्हर्नर (प्रांताचा निवडून आलेला प्रमुख), व्हाइस गव्हर्नर, काँग्रेसमन (खासदार), मेयर. चारही ओळींत एकच आडनाव. पहिल्यांदा मत देणारा माझा मुलगा चिडून म्हणाला, "लोला (आजी), ही कसली निवडणूक?" त्या म्हणाल्या, "तुझे लोलो (आजोबा) हॉस्पिटलात होते तेव्हा हीच माणसं धावून आली."

पुढचे दोन आठवडे आम्ही तिघांनी बसून जे केलं ते लिहिते. कुणाच्या घरात असाच वाद असेल तर उपयोगी पडेल.

आधी मोजपट्टी ठरवा, नाहीतर वाद आवडीनिवडीवर येतो. 1987 च्या संविधानातल्या दुसऱ्या कलमाच्या 26 व्या विभागात स्पष्ट लिहिलं आहे: लोकसेवेची संधी सर्वांना समान असेल आणि राजकीय घराण्यांना मनाई असेल, "कायदा जशी व्याख्या करेल तशी". ती व्याख्या काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, करायची होती. आम्ही टेबलाशी बसलो तेव्हा 38 वर्षं उलटली होती आणि कायदा झालेला नव्हता. मात्र त्याच काँग्रेसने 2016 मध्ये लागू झालेल्या कायद्यात सांगुनियांग काबाताआन, म्हणजे बारांगायच्या (गाव-वस्तीच्या पातळीवरच्या सगळ्यात लहान प्रशासकीय भागाच्या) युवक परिषदेसाठी, ही रेघ आखून दिली: राष्ट्रीय पदावर किंवा त्याच भागातल्या पदावर बसलेल्या माणसाशी कायद्याच्या मोजणीत दुसऱ्या पायरीपर्यंतचं नातं असेल तर उभं राहता येणार नाही. आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं आणि सासरकडची हीच नाती. अठरा ते चोवीस वर्षांच्या मुलांना लावलेला नियम त्यांच्या वडिलांना लागत नाही, याचा मला मनापासून राग येतो. पण घरात वापरायला मोजपट्टी तयार आहे. आम्ही तीच घेतली.

मग मोठा कागद घ्या. डावीकडे निवडणुकीची वर्षं, वरच्या बाजूला पदं, आणि प्रत्येक चौकटीत नाव व नातं. सराव म्हणून मुलाने आधी आमच्या पासिगचा कागद केला. व्हिसेंते युसेबियो 1992 ते 2001 मेयर. तीन वर्षांची एक अशा सलग तीन मुदतींनंतर थांबावं लागतं, म्हणून 2001 ला पत्नी सोलेदाद. 2004 ला पुन्हा ते. 2007 ला मुलगा बॉबी, 2013 ला सून मारिबेल, 2016 ला पुन्हा बॉबी. मुदतीचं बंधन एकदाही मोडलं नाही आणि खुर्ची सत्तावीस वर्षं घरातून हलली नाही. नानाय बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांच्या गावचा कागद नंतर त्यांनीच सांगून भरून घेतला.

कागदावर रांग उभी आहे की आडवी, ते बघा. एकामागून एक येणाऱ्यांना इथले अभ्यासक सडपातळ घराणं म्हणतात, एकाच वेळी अनेक पदं धरून बसणाऱ्यांना लठ्ठ. आतेनेओ विद्यापीठातल्या रोनाल्ड मेंडोझा आणि सहकाऱ्यांच्या मोजणीत लठ्ठ घराण्यांतले गव्हर्नर 2004 मध्ये 57 टक्के होते, 2019 मध्ये 80 टक्के. मे 2025 नंतर सिनेटच्या 24 जागांपैकी आठ जागांवर भावंडांच्या चार जोड्या आहेत: कायेतानो, व्हिलार, तुल्फो आणि एहेर्सितो-एस्त्रादा हे सावत्र भाऊ.

आडवी रांग जास्त वाईट का, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. व्हाइस गव्हर्नर हा फक्त दोन नंबरचा माणूस नसतो. 1991 च्या स्थानिक शासन कायद्याप्रमाणे तो प्रांतिक मंडळाचा अध्यक्ष असतो, आणि गव्हर्नरने मांडलेलं अंदाजपत्रक त्याच मंडळासमोर येतं. शहरात मेयर आणि व्हाइस मेयरचं तसंच. मी नानायना एवढंच विचारलं, "बाप पैसे मागतो, मुलगी मंजुरीच्या खुर्चीवर बसते. रस्ता दोनदा दाखवून बिल काढलं तर विचारणार कोण?" म्हणून कागदावर प्रत्येक पदापासून त्याला जाब विचारणाऱ्या पदाकडे बाण काढा. बाण त्याच आडनावाशी थांबला की तिथे लाल खूण करा. उमेदवार सज्जन असला तरी करा, कारण सज्जन माणसालाही जाब विचारणारा लागतोच.

आता सगळ्यात अवघड भाग: उतांग ना लोओब. आतून मानलेलं ऋण. याची थट्टा केलीत तर संवाद तिथेच संपेल. सासरे आजारी होते तेव्हा बिल एक लाख वीस हजार पेसो झालं होतं. काँग्रेसमनच्या कार्यालयाने तीस हजारांचं हमीपत्र दिलं, आणि ते आणायला नानाय पहाटे चारपासून रांगेत उभ्या होत्या. त्या मदतीशिवाय आमचं अडलं असतं हे मी नाकारत नाही. पण त्या पत्रामागचा पैसा आरोग्य खात्याच्या वार्षिक तरतुदीतला असतो, कर भरणाऱ्यांचा. पत्र देणारा फक्त दार उघडतो. हे समजावताना मी "त्यांनी तुम्हाला फसवलं" असं कधीही म्हटलं नाही. मी दुसरं दार दाखवलं: सरकारी हॉस्पिटलातलं मालासाकित सेंटर. 2019 च्या कायद्याने तिथे चार सरकारी संस्थांची मदत एका जागी आणली आहे. पुढच्या वेळी आधी तिथल्या सोशल वर्करकडे जा, काँग्रेसमनकडे नंतर. ऋण कुणाचं किती, हे हॉस्पिटलच्या खिडकीशी जास्त नीट कळतं.

मुलाचाही कान धरावा लागला. आडनाव दिसलं की काट मारायची, हा त्याचा शॉर्टकट. पासिगमध्ये 2019 ला युसेबियोंना हरवणारे विको सोत्तो हे सिनेटर तितो सोत्तोंचे पुतणे. आमच्या मोजपट्टीवर पुतण्याचं नातं तिसऱ्या पायरीचं, म्हणून ते सुटतात, पण आडनावाचा फायदा त्यांना झालाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आणि घराण्याचा बळी ठरलेलं कुटुंब आपोआप वेगळं वागतं असंही नाही. 23 नोव्हेंबर 2009 ला दक्षिणेतल्या मागिंदानाओ प्रांतात एस्माएल मांगुदादातू यांचा गव्हर्नरपदाचा अर्ज भरायला त्यांची पत्नी आणि घरातल्या बायका निघाल्या. आम्पातुआन घराण्याच्या माणसांनी त्यांना वाटेत अडवून 58 जणांना ठार केलं. त्यात 32 पत्रकार आणि माध्यमकर्मी होते. एस्माएल 2010 ला गव्हर्नर झाले, आणि पुढे त्यांच्याही घरातली माणसं एकामागून एक पदांवर दिसू लागली. मुलगा हे वाचून गप्प झाला.

शेवटी कोडिगो लिहा, म्हणजे मतदान केंद्रात न्यायची चिठ्ठी. इथे प्रत्येक पदाचं मत वेगळं असतं, एका घराच्या चारही ओळी घेण्याची सक्ती नसते. नानायनी काँग्रेसमनचं नाव ठेवलं. व्हाइस गव्हर्नर आणि मंडळाचे सदस्य दुसरे निवडले. मेयरला विरोधकच नव्हता, ती ओळ कोरी सोडली. मुलाला हे अर्धवट वाटलं, आणि अजूनही वाटतं. मला वाटतं ऐंशीव्या वर्षी लाल खूण बघून नाव बदलणं सोपं नसतं.

तो मोठा कागद फेकू नका. गव्हर्नरची तिसरी मुदत 2028 ला संपते. त्या चौकटीत नानायनी आत्ताच पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "सून".