उन्हाळा सरून थंडी लागेपर्यंत कपडे कसे घालावेत

उन्हाळा सरत आला की सकाळी बाहेर पडताना अंगावर काटा येतो आणि दुपारी त्याच कपड्यांत घामाच्या धारा लागतात. रात्री लांबत जातात, आकाश निरभ्र असेल तर जमिनीची ऊब भराभर निघून जाते, म्हणून पहाट गारठते. ऊन मात्र अजून तापत असतं. एकच जाड कपडा या दोन्ही वेळांना पुरा पडत नाही. दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला.

आदल्या रात्रीच हवामानाचा अंदाज बघा, पण नुसतं कमाल तापमान बघून थांबू नका. सगळ्यात जास्त गारठा साधारण सूर्योदयाच्या सुमारास असतो. त्या वेळी तुम्ही घरात असाल की रस्त्यावर, आणि परत येताना अंधार पडलेला असेल का, यावर काय घालायचं ते ठरवा.

सुरुवात आतल्या कपड्यापासून करा. दुपारी बाकीचं सगळं उतरवल्यावर अंगावर तोच राहणार, म्हणून तो पातळ हवा आणि चारचौघांत नुसता घालण्याजोगाही हवा. दिवसभर बसून काम असेल तर सुती उत्तम. भरभर चालायचं किंवा सायकल चालवायची असेल तर सुती टाळा, असं मी आग्रहाने सांगेन. बस पकडायला धावावं, जागा मिळून बसावं आणि ओला शर्ट पाठीला चिकटून हुडहुडी भरावी, हे मी बऱ्याचदा भोगलंय. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. पातळ लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल शोषते, तरी हाताला ओली लागत नाही.

त्यावर समोरून उघडणारं काहीतरी घाला, बटणांचं किंवा चेनचं. डोक्यातून काढायचा स्वेटर गर्दीत काढणं जिवावर येतं, चष्मा अडकतो, मग माणूस तसाच उकडत बसतो. वरचा कपडा किंचित सैल घ्या, कारण खरी ऊब दोन कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेची असते. दोन्ही हात वर करून बघा. काखेत आवळत असेल तर तो घट्ट आहे. आणि घाम फुटायची वाट न बघता आधीच काढा.

वारा असेल तर ही अडकलेली ऊब उडून जाते, तेव्हा पिशवीत घडी करून मावेल असं विंडचीटर ठेवा. गळ्याभोवती एक रुमाल. पायांत मोजे आणि बंद बूट.

लहान मुलं खेळात असली की उकडतंय किंवा गार वाटतंय हे सांगत नाहीत. त्यांच्या मानेला मागून हात लावा. ओलसर लागली तर एक कपडा उतरवा, गार लागली तर एक चढवा.

ठेवणीतले लोकरी कपडे घालण्याआधी एक दिवस सावलीत वाऱ्यावर टाका. ते हँगरला लटकवू नका, खांदे ओघळतात, घडीच घाला. उन्हाळी कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच कपाटात टाका, नाहीतर घामाचे डाग पिवळे पडतात आणि निघता निघत नाहीत. त्यातले दोन-चार मात्र हाताशी राहू द्या, अजून काही दुपारी ते लागतील.