‘बोटं हलतात ना? मग मोडलं नाही’ आणि हाडाच्या दुखण्यातल्या आणखी काही चुका

पावसाळ्यात आमच्या जिन्याखालची फरशी शेवाळते. तिथेच मी घसरले आणि सावरायला उजवा हात टेकला. पाच मिनिटांत शेजारच्या काकू हजर. पहिलाच हुकूम, “बोटं हलव बघू.” हलवली. “हलतात ना? मग मोडलेलं नाही, मुरगळलंय.” जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

ही सगळ्यात मोठी चूक. बोटं वाकवणारे मोठे स्नायू मनगटात नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे बोटांत जातात. हाड तडकलं तरी दोऱ्या शाबूत असतात, त्यामुळे बोटं हलतात. मोडलेल्या पायावर चार पावलं चालत दवाखान्यात आलेली माणसंही असतात.

बोटांकडे बघायचं ते वेगळ्या कारणासाठी. ती गार पडलीत का, पांढुरकी-निळसर झालीत का, मुंग्या येतात का, स्पर्श कळतो का. नख दाबून सोडलं की पांढरं झालेलं नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. नाही झालं, तर खाली रक्त पोचत नाहीये असं धरा आणि ताबडतोब निघा.

बांगड्या आधी काढा

माझ्या हातात हिरवा चुडा आणि एक पाटली. काकू म्हणाल्या, श्रावणातला मंगळवार आहे, आज बांगड्या वाढवायच्या नाहीत. अर्ध्या तासात मनगट असं सुजलं की पाटली मांसात रुतली. साबण लावून काढताना जे काही झालं ते लिहीत नाही. शेवटी चुडा वाढवावाच लागला. पडल्या पडल्या, सूज चढायच्या आत, अंगठी, कडं, घड्याळ, पायातली जोडवी, मनगटाचा गंडादोरा सगळं उतरवा. दोन मिनिटांचं काम असतं.

चोळू नका, शेकू नका

घरोघरी आयोडेक्सची बाटली असतेच. ताज्या दुखापतीवर चोळणं, गरम विटेचा शेक, मोहरीच्या तेलाचं मालिश यांनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. तडा असेल तर हाड सरकू शकतं. पहिले दोन दिवस बर्फ, तोही टॉवेलात गुंडाळून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. दुखरा भाग छातीपेक्षा उंच. आंबेहळदीचा लेप वरवर लावलात तर त्याने हाड बिघडत नाही. पण लेप लावून चार दिवस वाट बघण्यात नुकसान होतं.

घोटा मुरगळला असेल तर एक चाचणी उपयोगी आहे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992मध्ये ती मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांची मागची कड आणि टोक दाबून बघा, वर साधारण सहा सेंटीमीटरपर्यंत. तिथे हाडावरच कळ येत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे फोटो काढाच. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो, तिथे दुखलं तरीही. मात्र लहान मुलं, प्यायलेला माणूस आणि मधुमेहाने पाय बधिर झालेले लोक यांच्या बाबतीत या चाचणीवर विसंबू नका. बधिर पायाला मोडलेलंही कळत नाही.

कामट्यांचा घट्ट बांध

हाडवैद्याकडे जाणाऱ्यांना नुसतं हसून चालणार नाही. तो जवळ असतो, स्वस्त असतो, रात्री दार उघडतो. बांधणं ही चूक नव्हे, हाड स्थिर तर करावंच लागतं. चूक आहे फोटो न काढता हाड ओढण्यात आणि बांबूच्या कामट्या सुतळीने करकचून आवळण्यात. सूज आत वाढत राहते, बांध सैल होत नाही, रक्त थांबतं.

यात सगळ्यात जास्त धोका लहान मुलांच्या कोपराला. पाच-सात वर्षांचं पोर झाडावरून किंवा झोक्यावरून हातावर पडतं, कोपराच्या जरा वर हाड मोडतं, आणि मोठी रक्तवाहिनी तिथूनच जाते. घट्ट बांधलेला हात रात्रभर ठणकतो. पोर रडतं, घरचे म्हणतात ‘हाड बसतंय, दुखणारच’. हाताच्या स्नायूंना काही तास रक्त मिळालं नाही की ते मरायला लागतात, मग आखडतात, आणि बोटं कायमची आकड्यासारखी वळतात. फोकमान नावाच्या जर्मन सर्जनने 1881मध्येच हे घट्ट बांधण्याशी जोडून लिहून ठेवलंय. बोटं हलकेच सरळ करताना पोर किंचाळलं, किंवा औषध देऊनही कळ वाढतच चालली, तर सकाळची वाट बघायची नाही. बांध कोणीही घातलेला असो, सरकारी दवाखान्यातलं प्लास्टर असो, नियम तोच. म्हणूनच सुजलेल्या हातापायाला आधी कच्चं, म्हणजे अर्ध्याच बाजूने घातलेलं, प्लास्टर घालतात, पक्कं नंतर.

जाता जाता: दोन-तीन वर्षांच्या मुलाला मनगट धरून झटक्याने उचललं आणि त्यानंतर ते हात लोंबता ठेवतंय, सूज काहीच नाही, असं झालं तर बहुतेक वेळा कोपराचं सांध्याचं हाड जरा सरकलेलं असतं. डॉक्टर ते काही सेकंदांत बसवतात. घरी प्रयोग नको. कबड्डीच्या मैदानावर निखळलेला खांदा मित्राने ओढून बसवायचा, तेही नको. सोबत हाड तुटलेलं असू शकतं. गळ्यात बांधलेल्या झोळीत हात ठेवा आणि चला.

‘हळद-दूध पाज, बरं वाटेल’

दवाखान्यात निघताना माउली गरम दूध पुढे करते. प्रेम समजतं, पण ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला पोट रिकामं हवं. जेवण किंवा दूध पोटात असेल तर साधारण सहा तास थांबावं लागतं. हाड स्पष्ट वाकलेलं दिसत असेल किंवा जखमेतून बाहेर आलं असेल, तर चहासुद्धा नको. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका, हळद भरू नका; स्वच्छ ओलसर कापड ठेवून 108ला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी 2014पासून फुकट येते.

आजी पडल्या आणि उठेनात

न्हाणीघरात पडलेल्या आजींना चौघे काखेत धरून उचलतात, पलंगावर ठेवतात आणि म्हणतात, दोन दिवस आराम करू दे. पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय, जांघेत कळ आहे, तर खुब्याचं हाड मोडलंय असं समजा. कधी आजी लंगडत चार पावलं चालतातही, फसू नका. या वयात पलंगावर पडून राहणंच जास्त घातक: छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन करून त्यांना उभं करतात. ‘या वयात ऑपरेशन नको’ हा घरातला निर्णय डॉक्टरांशी बोलण्याआधी घेऊ नका.

प्लास्टरबद्दल थोडकंच. आत पट्टी किंवा विणायची सुई घालून खाजवू नका, जखम होते आणि कोणाला दिसत नाही. हात लोंबता ठेवू नका. मोकळी असलेली बोटं दिवसभर हलवत राहा.

‘फोटो चांगला आहे’ म्हणून विसरणं

माझा पहिला फोटो स्वच्छ आला. काकूंनी ‘मी म्हटलंच होतं’ असं पाहिलं. पण अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटात जो खळगा पडतो, तिथे बोट टेकलं तरी जीव जायचा. डॉक्टरांनी तेवढ्यावरूनच कच्चं प्लास्टर घातलं आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. त्या खळग्याखालच्या छोट्या हाडाचा तडा सुरुवातीला अनेकदा फोटोत दिसत नाही, आणि त्याला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळत असल्याने दुर्लक्ष झालं तर मागचा तुकडा वाळून जातो. दुसऱ्या फोटोत केसाएवढी रेघ दिसली. मी फोटो काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “मग बोटं कशी हलत होती गं?”