कोडी गावातील 4 जुलै : पाहुण्यांनी करावयाची तयारी

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत गेलेले आपल्याकडचे बरेच आईवडील तिथला स्वातंत्र्यदिन एखाद्या मोठ्या शहरातली आतषबाजी दुरून पाहण्यातच घालवतात. आम्ही उभयतांनी तो वायोमिंग राज्यातल्या कोडी या सुमारे 10 हजार वस्तीच्या गावात पाहिला, आणि ज्यांना जमेल त्यांनी एकदा तरी लहान गावातच पाहावा, असे मनापासून वाटते. म्हणून निघण्यापूर्वी काय काय जुळवून ठेवावे ते लिहीत आहे.

सर्वांत आधी मुक्कामाची सोय पाहावी. ‘बफेलो बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या विल्यम कोडीने आपल्या साथीदारांसह 1896 मध्ये वसवलेले हे गाव यलोस्टोन उद्यानाच्या वाटेवर आहे, आणि 1919 पासून चालत आलेला इथला स्टँपीड रोडिओ (गुराख्यांच्या घोडेस्वारी-कसरतींचे सामने) जुलैच्या पहिल्या चार दिवसांतच भरतो, त्यामुळे खोल्या हिवाळ्यातच ठरवून ठेवणे शहाणपणाचे. आम्ही मे महिन्यापर्यंत थांबलो आणि शेवटी साधारण 40 किलोमीटरवरच्या पॉवेल गावी राहून रोज ये-जा केली. 4 जुलैला बँका आणि टपाल कार्यालये बंद असतात, आणि ही तारीख शनिवारी आली तर सरकारी सुट्टी आदल्या शुक्रवारी असते. 2026 मध्ये तसेच आहे. म्हणून रोख रक्कम, रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे, त्यांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी आणि प्रवासी विम्याची कागदपत्रे दोन दिवस आधीच पिशवीत घालावीत.

कपड्यांच्या बाबतीत एवढे लक्षात घ्यावे, की कोडी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराहूनही उंच आहे, परंतु तिथे महाबळेश्वरासारखा दमटपणा मुळीच नाही. हवा इतकी कोरडी असते, की घाम आलेला कळत नाही आणि ओठ मात्र फुटतात. रुंद काठाची टोपी, पाण्याच्या बाटल्या, ओठांना लावायला थोडे तूप किंवा मलम आणि रात्रीसाठी स्वेटर अवश्य घ्यावा. सूर्य नऊच्या पुढे मावळतो आणि आतषबाजीजोगा अंधार पडायला जवळजवळ दहा वाजतात. तोपर्यंत दुपारचे ऊन विसरावे इतका गारवा आलेला असतो.

सकाळच्या मिरवणुकीसाठी घडीच्या खुर्च्या न्याव्यात आणि शेरिडन अ‍ॅव्हेन्यूवर बरेच आधी पोहोचून सावलीची बाजू धरावी. आपल्याकडच्या झेंडावंदनाची शिस्त आणि भाषणे इथे शोधू नयेत. हा दिवस गावच्या जत्रेच्या अधिक जवळ जातो. घोडेस्वार, शाळांचे बँड, अग्निशमन दलाच्या गाड्या, जुने ट्रॅक्टर आणि चित्ररथ पुढून जातात. चित्ररथांवरून मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटे उधळली जातात. आमच्या शेजारच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीने आपल्या टोपीत गोळा केलेल्यांपैकी एक लिमलेटची गोळी माझ्या पत्नीच्या हातावर ठेवली आणि लगेच पुन्हा रस्त्याकडे धावली. झेंडा घेतलेली माजी सैनिकांची तुकडी दिसू लागताच मागे बसलेले वृद्ध गृहस्थ दोन्ही हातांनी खुर्ची दाबत उठले, त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि तुकडी दिसेनाशी होईपर्यंत ते उभेच राहिले. अशा वेळी आणि राष्ट्रगीताच्या वेळी आपणही टोपी काढून स्तब्ध उभे राहावे. परदेशी पाहुण्याने छातीवर हात ठेवलाच पाहिजे असे नाही. हातात छोटा झेंडा मिळाला तर तो जमिनीवर पडू देऊ नये, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

रोडिओची तिकिटे आगाऊ काढावीत आणि मनाचीही थोडी तयारी ठेवावी. बैलावर किंवा उसळणाऱ्या घोड्यावर स्वाराला 8 सेकंद टिकायचे असते आणि तेही एकाच हाताने धरून. दुसरा हात जनावराला लागला तर तो बाद होतो. एकूण गुणांतले निम्मे जनावराच्या उसळीला असतात, हे कळल्यावर पाहण्याची दृष्टी बदलते. पळत्या वासराला फास टाकून पाडण्याचा प्रकार मात्र मला पाहवला नाही. ज्यांना पाहवत नाही त्यांनी तेवढा वेळ बाहेर जावे, शेजाऱ्याशी वाद घालू नये. पशुपालनावर जगलेल्या मुलखाची ही रोजची कामेच खेळ झाली आहेत.

शाकाहारी मंडळींची भाजलेले मका-कणीस, कलिंगड आणि फळांचे सारण भरून भाजलेले ‘पाय’ नावाचे गोड पदार्थ यांवर वेळ निभावते, तरी सोबत दशम्या आणि कोरडी चटणी असू द्यावी.

एक अर्धा दिवस हार्ट माउंटन या युद्धकाळातल्या छावणीच्या जागेसाठी राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पॉवेलहून येता-जाता माळावर विटांचे एक उंच धुराडे दिसायचे, म्हणून चौकशी केली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, जपानी वंशाच्या 10 हजारांहून अधिक लोकांना तिथे काटेरी तारांमागे ठेवले होते आणि त्यांतले बहुतेक जन्माने अमेरिकी नागरिक होते. पुढे अमेरिकेचे मंत्री झालेले नॉर्मन मिनेटा लहानपणी याच छावणीत होते. स्काउटच्या निमित्ताने कोडीहून तिथे आलेला अ‍ॅलन सिम्पसन हा मुलगा त्यांचा मित्र झाला, पुढे सिनेटर झाला आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. आता तिथे संग्रहालय आहे. ते पाहून झाल्यावर बाहेरच्या फलकाशीही थांबावे. याच छावणीतून अमेरिकी सैन्यात गेलेल्यांची नावे त्यावर आहेत. ती सावकाश वाचण्याइतका वेळ हाताशी ठेवूनच गाडी काढावी.