लग्नाच्या कॅसेटमधले कंगव्याचे दात: इंटरलेस फुटेज कसं हाताळावं

मिनीडीव्हीवर, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेटवर, चित्रित केलेलं जुनं लग्न संगणकावर उघडा. सगळे शांत बसलेत तोवर चित्र छान दिसतं. नवरीने हार घालायला हात पुढे केला, की हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात फुटतात. कॅसेट खराब झालेली नाही. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डची: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. यालाच इंटरलेस म्हणतात. दोन्ही टिपण्यात एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. जुना टीव्ही ही फील्ड एकामागून एक दाखवायचा, संगणक एकदम दाखवतो. म्हणजे कॅसेटवर सेकंदाला ५० क्षण आहेत, आणि ते आपल्याला सुटे करायचे आहेत.

आधी खात्री करून घ्या. वेगवान हालचाल शोधा, चित्र शंभर टक्के आकारात ठेवा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. दात बरोबर एका ओळीच्या जाडीचे हवेत. जाड, लाटांसारखे पट्टे दिसले तर कुणीतरी फील्ड सुटी न करताच चित्राचा आकार बदललाय. अशा फाइलवर वेळ घालवू नका, मूळ कॅसेट शोधा. वेगवान हालचालीतही दात नसतील तर फाइलवर काहीही लिहिलेलं असो, डीइंटरलेस करू नका, म्हणजे फील्ड सुटी करू नका.

आता फील्डचा क्रम. सगळ्यात वरची ओळ ज्यात ते वरचं फील्ड, दुसरं खालचं. डीव्हीत (मिनीडीव्हीच्या फॉरमॅटमध्ये) खालचं फील्ड आधी येतं, १०८०आयमध्ये (१०८० ओळींच्या इंटरलेस एचडीत) वरचं. व्हीएचएस कॅप्चर कार्डातून घेतलं असेल तर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप निवडून इंटरप्रिट फुटेजमध्ये जा, सेपरेट फील्ड्सला 'लोअर फील्ड फर्स्ट' द्या आणि क्लिप सेकंदाला ५० फ्रेमच्या कंपोझिशनमध्ये (म्हणजे कामाच्या टाइमलाइनमध्ये) टाका. हाराचा हात फ्रेमगणिक पुढेच जायला हवा. दोन पावलं पुढे, एक मागे असा चालला तर क्रम उलटा आहे. त्याच खिडकीत पिक्सेलचं प्रमाणही पॅल डीव्हीचं करा, कारण ७२० बाय ५७६ मधले पिक्सेल चौकोनी नसतात. हे राहिलं तर ४:३ चित्रातली सगळी वऱ्हाडी मंडळी किंचित बारीक दिसतात (तक्रार कुणी करणार नाही, ते सोडा).

हे सगळं आकार बदलणं, फिरवणं, ट्रॅकिंग (हलत्या गोष्टीचा माग घेणं), मास्क (चित्राचा भाग कापून वेगळा करणं), कीइंग (ठरावीक रंगाची पार्श्वभूमी काढणं) यांच्या आधी व्हायला हवं. एकदा ब्लर किंवा स्केल लागला की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग त्या वेगळ्या करता येत नाहीत.

सुटी केल्यावर प्रत्येक फील्डमध्ये खऱ्या ओळी २८८च असतात, बाकीच्या सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. शालूच्या जरीकाठावर ते लगेच कळतं: काठ थरथरतो. म्हणून मोठ्या कामासाठी मी आफ्टर इफेक्ट्सवर विसंबत नाही. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधल्या बीडब्ल्यूडीआयएफ या डीइंटरलेस फिल्टरने ५० फ्रेमची प्रोरेस (एडिटिंगसाठीच्या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमधली) फाइल आधीच बनवून घेतो. वेळ हाताशी असेल तर क्यूटीजीएमसी ही डीइंटरलेसची स्क्रिप्ट. संथ आहे, पण जरीकाठाची थरथर शांत करते. अशी फाइल आत घेतल्यावर सेपरेट फील्ड्स 'ऑफ' ठेवा, नाहीतर सुटं झालेलं चित्र पुन्हा चिरलं जातं.

५० फ्रेम ठेवायच्या की २५? वरात, नाच, मुलांची पळापळ असेल तर ५०च. २५ केल्या की अर्धी हालचाल गेली. पण हाताने मास्क कापायचा असेल तर ५० म्हणजे दुप्पट मेहनत. अशा एखाद-दुसऱ्या शॉटला मी सरळ २५ करतो.

यूट्यूब आणि मोबाइलसाठी ५० फ्रेमचा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे फील्ड नसलेला, व्हिडिओ काढा. एखाद्या वाहिनीने १०८०आय मागितलं तरच ५० च्या कंपोझिशनमधून, रेंडर सेटिंगमध्ये वरचं फील्ड आधी ठेवून, फील्ड रेंडर करा, म्हणजे पुन्हा इंटरलेस करा. तेव्हा नावांच्या पट्टीतल्या आडव्या रेषा एका ओळीइतक्या बारीक ठेवू नका, टीव्हीवर त्या लुकलुकतात.