राख-तलावाशेजारची टोली काय पिते, ते कसं नोंदवायचं

औष्णिक वीज केंद्राची कोळशाची राख पाण्यासोबत राख-तलावात सोडतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबांध फुटला आणि राख कोलार-कन्हान नद्यांत उतरली. कन्हानचं पाणी नागपूर पितं, म्हणून ती बातमी शहरापर्यंत पोचली. टोलीच्या, म्हणजे गावाच्या कडेच्या दलित वस्तीच्या, हातपंपाची बातमी होत नाही. नमुना बहुधा ग्रामपंचायतीच्या नळाचा घेतात आणि अख्ख्या गावाच्या सरासरीत टोली दिसेनाशी होते. अमेरिकेतल्या वॉरन काउंटीत १९८२ साली कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध आंदोलन झालं, तेव्हा ‘पर्यावरणीय वंशवाद’, म्हणजे प्रदूषणाचा भार वंश पाहून टाकणं, हा शब्द पुढे आला. आपल्याकडे हा प्रश्न जातीच्या वाटेनं येतो. म्हणून नोंद वस्तीनिहायच ठेवा.

आधी हातानं नकाशा काढा: तलाव, उतार, प्रत्येक विहीर आणि बोअर, कुठल्या वस्तीचं पाणी कुठून येतं.

नमुने वर्षातून दोनदा घ्या, मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये. दर वेळी पाच ठिकाणं: टोलीतले दोन हातपंप, गावठाणातली विहीर, ग्रामपंचायतीचा नळ आणि तलावाच्या वरच्या अंगाची एक विहीर. ही शेवटची टाळू नका. विदर्भात कित्येक ठिकाणी जमिनीतच फ्लोराइड आहे. तुलनेला पाणी नसेल, तर दोष जमिनीवर टाकून फाइल बंद होते.

हातपंप पाच मिनिटं हापसा, मग बाटली भरा. साचलेल्या पाण्यातला गंज आकडे फुगवतो. धातूंसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. तिच्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब असतात, ती विसळायची नाही. ॲसिड गेलं की धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आर्सेनिक, पारा, शिसं, सेलेनियम, फ्लोराइड, सल्फेट ही नावं अर्जात लिहूनच मागा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे आर्सेनिक ०.०१ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमच्या वर नको. बाजारातला टीडीएस पेन फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो, त्यानं यातलं काहीच कळत नाही, त्याच्यावर विसंबू नका.

आरोग्याची वही टोली आणि गावठाण दोन्हीकडे सारख्याच प्रश्नांनी भरा. नावाऐवजी घराला क्रमांक द्या. गेल्या बारा महिन्यांत तीन आठवड्यांहून जास्त खोकला, दमा, खाज, दातांवर डाग. सोबत चूल की गॅस, बिडी, कामाचं ठिकाण हेही विचारा. चुलीचा रकाना रिकामा असला, तर सगळा खोकला चुलीवर ढकलतात.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जुने तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ आपलं. तिथे पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, भरपाईसाठी पाच वर्षांची. तेव्हा पहिला अहवाल हातात आला, की त्याच दिवशी तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.