फाईल उडाली? आधी माऊसवरून हात काढा

नागपूरच्या बर्डीत माझं टायपिंग-डीटीपीचं छोटंसं काम आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की लाईट जाते, आणि लाईट गेली की अर्ध्या तासात कोणीतरी पेन ड्राईव्ह घेऊन दुकानात हजर, "भाऊ, थिसिस उडाली". आता खरं सांगू का, यातल्या बऱ्याच फायली लाईट गेल्यामुळे उडतच नाहीत, त्यानंतर घाबरून जे काही करत बसतात न त्यानं उडतात. वर्डनं काही विचारलं की वाचायचं नाही अन् येस दाबायचं, रिकामी उघडलेली फाईल त्याच नावानं सेव्ह करायची, पेन ड्राईव्ह लावल्यावर विंडोजनं फॉरमॅट करू का विचारलं तर हो म्हणायचं, काऊन बाप्पा इतकी घाई?

म्हणून पहिलं काम, फाईल जशी आहे तशी डेस्कटॉपवर कॉपी करा अन् जे काही प्रयोग करायचे ते त्या कॉपीवर. ओरिजिनलला हात लावायचा नाही.

मग बघा की नेमकं झालं काय आहे.

सेव्ह न करताच बंद झाली असेल तर वर्ड उघडा, फाईल, मग इन्फो, तिथं मॅनेज डॉक्युमेंट वर क्लिक केलं की रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स दिसते. एकदाही सेव्ह न केलेली फाईलसुद्धा तिथं सापडते, पण काही दिवसच राहते, तर परवा बघू म्हणून टाळू नका. तिथं नसेल तर कॉम्प्युटरमधे सर्चमधे एएसडी एक्स्टेन्शनची फाईल शोधा, वर्ड मधूनमधून स्वतःसाठी जी कॉपी ठेवते ती हीच. ठेवते दर 10 मिनिटांनी, म्हणजे शेवटचं पान-दोन पान गेलंच समजा, पण 80 पानं वाचली न.

फाईल आहे पण उघडत नाही, एरर देऊन राहिली, तर आधी एक फालतू वाटणारी गोष्ट करा. फाईल मेलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून आली असेल तर विंडोज तिला बाहेरची समजून अडवते. राईट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक असं दिसलं तर टिक करा. तेवढ्यानंच उघडलेल्या फायली मी पाहिल्या आहेत आणि त्याचे पैसे घ्यायला मलाच लाज वाटते. नाही जमलं तर वर्डमधे ओपन मधे जाऊन फाईल नुसती सिलेक्ट करा, डबल क्लिक नाही, ओपन बटणाच्या बाजूला छोटा बाण असतो त्यात ओपन अँड रिपेअर. तेही नाही तर लिबरऑफिसमधे उघडून बघा, वर्डसारखंच सॉफ्टवेअर आहे अन् फुकट आहे, आणि वर्ड जिथं अडून बसते तिथं हे कधीकधी सरळ उघडून देते. गूगल डॉक्सवर टाकूनही बघा.

आता माझ्या आवडीचा भाग. वर्ड 2007 पासून जी डॉक्स (.docx) फाईल असते न, ती खरं म्हणजे झिप फाईल आहे. नावाच्या शेवटचं डॉक्स काढून तिथं झिप लिहा अन् उघडा, आत वर्ड नावाचं फोल्डर दिसेल, त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल म्हणजे तुमचा सगळा मजकूर आणि मीडिया फोल्डरमधे सगळे फोटो. आता झिपची अनुक्रमणिका फाईलच्या एकदम शेवटी असते. पेन ड्राईव्ह घाईत उपसला, शेवटचा तुकडा लिहायचा राहिला, तर अनुक्रमणिकाच गायब, आणि वर्ड म्हणते फाईल खराब आहे. मजकूर मात्र बऱ्याचदा सुरुवातीकडे असतो, तो शाबूत. झिप उघडणारं विनरार सॉफ्टवेअर असते, त्याच्या टूल्समधे रिपेअर आहे, ते अनुक्रमणिका नव्यानं बांधून दुसरी फाईल बनवून देते, तिचं नाव परत डॉक्स करून लिबरऑफिसमधे टाका. तरी नाही उघडली तर ती एक्सएमएल नोटपॅडमधे उघडून टॅगमधून मजकूर वेचायचा, डोकं दुखते पण पूर्ण थिसिस परत टाईप करण्यापेक्षा बरं.

फाईल उघडते पण हँग होऊन राहिली, नंबरिंग सगळं नाचून राहिलं, असं असेल तर नवीन कोरी फाईल घ्या आणि जुनीतलं सगळं कॉपी करा, फक्त शेवटचं पॅराग्राफचं चिन्ह सोडून. त्या एका चिन्हात पानाची बरीचशी सेटिंग भरलेली असते, किडा बरेचदा तिथंच असतो.

आणि आपल्या मराठीवाल्यांचं खास. फाईल उघडली अन् इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसला तर ती करप्ट नाही, कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलेली आहे अन् तुमच्याकडे तो फॉन्ट नाही. फॉन्ट टाका, मजकूर आपोआप दिसते. एक वकीलसाहेब असा अर्ज अख्खा परत टाईप करून घ्यायला आले होते, मी फॉन्ट टाकला अन् चहा पाजून परत पाठवलं.

फाईल 0 केबी दाखवत असेल तर मात्र तिच्यात काहीच नाही, तिच्या मागे लागू नका. पाठवलेले मेल बघा, गाईडला व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ बघा, वर्ड 2013 पासून पीडीएफ थेट उघडता येते. छापलेली प्रत असेल तर फोटो काढून गूगल ड्राईव्हमधून डॉक्समधे उघडा, मराठीही वाचते, चुका सुधाराव्या लागतील तेवढं.

पेन ड्राईव्हवरून डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमधे जात नाही. अशा वेळी त्या पेन ड्राईव्हवर दुसरं काहीच टाकायचं नाही अन् डिलीट झालेल्या फायली शोधणारं रिकुव्हा सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकून तिथून शोधायचं. लॅपटॉपच्या एसएसडीवरून डिलीट झाली असेल तर आशा कमी, तिथं विंडोज मोकळी जागा लवकर साफ करून टाकते.

घरी गेल्यावर वर्डच्या ऑप्शन्समधे सेव्ह मधे जाऊन वर्ड स्वतःची कॉपी ठेवते ते 10 मिनिटं 2 करा. ॲडव्हान्स्ड मधे खाली ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी आहे त्याला टिक करा, मागच्या सेव्हची प्रत डब्ल्यूबीके नावानं बाजूलाच पडून राहते. इन्व्हर्टर फक्त कूलरला जोडलेला असेल तर कूलर काढून कॉम्प्युटरचं प्लग त्याच्यावर घ्या, 10 मिनिटं कूलर बंद राहिला तर घाम येईल, थिसिस नाही जाणार.