नेटवर्कचा स्विच बसवायला निघताना काय काय घ्यायचं

क्रिम्पिंग टूल, टेस्टर, कनेक्टर हे घेशीलच, ते काय सांगायचं. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर घे. स्विचची सेटिंग करायला लॅपटॉप जोडायची ती कन्सोल केबल बॅगेत आहे म्हणून खूश होऊ नकोस, तिचं दुसरं टोक नऊ पिनचं, ते तुझ्या लॅपटॉपला लावणार कुठं? मागं मी खानापूरला नुसती केबल घेऊन गेलेलो, कन्व्हर्टर बेळगावात टेबलावर, आणि तिथल्या मोबाईलच्या दुकानात मागितला तर चार्जर काढून दाखवतात की.

कन्व्हर्टरचा ड्रायव्हर पण घरीच टाकून, एकदा लावून बघून निघ. स्विच बंद म्हणजे साईटवरचं नेटच बंद, आणि जांबोटीकडं गेलास तर मोबाईलच्या रेंजचा नेम नाही, डाउनलोड कशावर करणार? विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधे कन्व्हर्टरचा कॉम (COM) पोर्ट नंबर दिसला पाहिजे, यूएसबीचं भोक बदललं की तो नंबरही बदलतो कधीकधी. पुटीत (PuTTY, स्विचशी बोलायचं सॉफ्टवेअर) स्पीड ९६०० टाक, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नन. स्क्रीनवर कचरा अक्षरं आली तर आधी स्पीड बघ, केबलला शिव्या नंतर.

कन्सोलचं भोक लॅनसारखंच दिसतं म्हणून साधी पॅचकॉर्ड खुपसू नकोस. सिस्कोची ती चपटी निळी रोलओव्हर केबल, तिच्यात १ ची पिन ८ ला जाते. दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर पिनआउट वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघून घे. आणि यूपीएसच्या मागच्या नऊ पिनला हात लावू नको, काही यूपीएस साध्या सिरीयल केबलनं धाडकन बंद पडतात.

लॅन केबल अस्सल तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण पीओई कॅमेऱ्यांना, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज घेणाऱ्यांना, ती गरम होते, व्होल्टेज पण पडतं. दोन्ही टोकांना T568B हाच रंगांचा क्रम मार: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नको, आणि वरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की तारा निसटतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोटारीच्या वायरींबरोबर एकाच पट्टीत बांधू नकोस. १०० मीटरच्या वर फायबर, वाद नको.

कन्व्हर्टर घेतलास? बॅगेत हात घालून बघ.

जुन्या स्विचचा फोटो काढ, पोर्टांना लेबलं लाव, स्विचची सेटिंग (कॉन्फिग) सेव्ह मार, आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही.